लेणे पुन्हा लेताना

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवापासून नवरात्रातील देवीच्या ओटीपर्यंत जो खण कित्येक वर्षे आपल्या घरांतून केवळ एका ताटातून दुसऱ्या ताटात, एका सवाष्णीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत असा फिरत राहिला, ज्याची त्रिकोणी घडी उलगडून पाहण्याचेही अगत्य फारसे कोणास उरले नव्हते, आणि ज्याची चोळी शिवून ती नित्य अंगात घालणारी पिढी खेड्यापाड्यांतून एकेक करीत निरोप घेत होती, तो खण गेल्या आठ-दहा वर्षांत अखंड साडी होऊन पुण्या-मुंबईच्या पेढ्यांवर येऊन बसला आहे. त्याचे जाकीट निघाले, कुडता निघाला, बटवे आणि वह्यांची वेष्टने निघाली, आणि महामारीच्या वर्षात तर तोंडावर बांधायच्या मुखपट्ट्याही निघाल्या. त्याच्या मागोमाग मोत्यांची नथ आली, कपाळावर चंद्रकोर आली. ठुशी, चिंचपेटी, तन्मणी, वज्रटीक, बुगडी ही जी नावे आजीच्या डब्यात आणि जुन्या याद्यांत निपचित पडली होती, ती महाविद्यालयीन मुलींच्या तोंडी पुन्हा खेळू लागली. लग्नाच्या मांडवात आज नऊवारी नेसलेली नवरी दिसली नाही, तर पाहुण्यांनाच चुकल्यासारखे वाटते.

या साऱ्या घडामोडीकडे तरुण पिढीची हौस म्हणून पाहून सोडून देण्यास माझे मन तयार होत नाही. वस्त्र आणि अलंकार यांच्यामागे माणसांची एक दीर्घ साखळी उभी असते: सूत रंगवणारा, माग चालवणारा, मोती ओवणारा पटवेकरी, दागिना घडवणारा सोनार, आणि अखेरीस निऱ्यांची चूण बोटांत धरून ती दुसरीस शिकवणारी घरातील वडीलधारी बाई. जुने लेणे परत येते तेव्हा ही साखळी समूळ परत येते, की केवळ तिचे शेवटचे टोक, म्हणजे दिसणारे रूप, तेवढे परत येते, हा प्रश्न मला या वर्षभराच्या हिंडण्याफिरण्यात सतत भेटत राहिला, आणि त्याचे उत्तर प्रत्येक वस्तूच्या बाबतीत निराळे मिळाले.

लेण्याची आवड महाराष्ट्रात कोठून उगम पावते, याचा शोध घेऊ जाता असे आढळते की ती पुष्कळदा चित्रातून आणि रंगभूमीवरूनच घराघरांत शिरली. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत शिळाछाप चित्रांचा छापखाना काढला, जो पुढे लोणावळ्यानजीक मळवलीस गेला. तेथून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वतींच्या आणि पुराणातील नायिकांच्या तसबिरी ज्या ज्या देवघरात व दिवाणखान्यात टांगल्या गेल्या, तेथे तेथे साडीचा झोक आणि दागिन्यांची मांडणी यांचा एक आदर्श विनासायास रुजला. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर यांनी नाना जातीजमातींच्या स्त्रियांचे पोशाख ज्या बारकाईने रेखाटले, ती बारकाई आज वेशभूषाकारांच्या दफ्तरी पुराव्यासारखी उपयोगी पडते. चित्रकार दीनानाथ दलालांनी 1945 साली ‘दीपावली’ हा अंक सुरू केला, आणि त्यांच्या कुंचल्यातून उतरलेली अंबाड्यात गजरा माळलेली, काठपदराची तरुणी दिवाळी अंकांच्या वाचकांच्या मनात इतकी खोल बसली, की आजच्या मुली छायाचित्रासाठी मान वळवून उभ्या राहतात तेव्हा, त्यांना ठाऊक असो वा नसो, त्या दलालांच्याच चित्रात उभ्या असतात.

परंतु या सर्वांहून प्रभावी ठरला तो एक पुरुष. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व यांनी ‘मानापमाना’तील भामिनी, ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’तील सिंधू रंगवताना जे शालू नेसले, जे दागिने ल्याले, ज्या तऱ्हेने पदर सावरला आणि केशरचना केली, तिचे अनुकरण त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी मनःपूर्वक केले. स्त्रीने कसे दिसावे याचा पाठ एका नटाने घालून द्यावा आणि समाजाने तो आदराने गिरवावा, ही घटना आपल्या सौंदर्यदृष्टीच्या इतिहासात अपूर्व मानावी लागेल. 2011 साली त्यांच्या जीवनावर निघालेल्या चित्रपटाला वेशभूषेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, यात मला औचित्य दिसते. त्याच सुमारास दूरचित्रवाणीने तो वारसा पुढे चालवला. रमाबाई रानडे यांच्या चरित्रावरील ‘उंच माझा झोका’ ही मालिका 2012 मध्ये आली आणि परकर-पोलके लहान मुलींच्या सणाच्या पोशाखात पुन्हा रुजू झाले. ‘जय मल्हार’ या मालिकेतील बानूच्या नाकातील नथ इतकी लोकप्रिय झाली, की बाजारात ‘बानू नथ’ ही स्वतंत्र तऱ्हाच विकली जाऊ लागली. 2015 च्या ‘बाजीराव मस्तानी’ने काशीबाईंची नथ आणि नऊवारी मराठी मुलखाबाहेर नेली, आणि त्या चित्रपटातील इतिहासाबद्दल कितीही मतभेद असले तरी त्यातील नथीने सोनारांच्या पेढ्यांवर जी वर्दळ आणली, ती नाकबूल करता येणार नाही.

आता नऊवारीविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण या पुनरागमनाचे मर्म तिच्यातच आहे.

सुमारे सव्वाआठ मीटर लांबीचे ते सरळ, न शिवलेले वस्त्र; त्याला परकर लागत नाही, नाडी लागत नाही, टाचणी लागत नाही. कमरेभोवती एक वेढा घेऊन गाठ मारायची, समोर निऱ्या घालायच्या, त्यांतील मधला भाग पायांतून मागे नेऊन कासोटा खोचायचा, उरलेल्या भागाचा ओचा करायचा आणि पदर डाव्या खांद्यावर घ्यायचा. एवढ्या क्रियांतून जे सिद्ध होते ते एकाच वेळी मर्यादशील आणि मोकळे असते. त्या वेषात भातलावणी करता येते, झाडावर चढता येते, घोड्यावर मांड टाकता येते, आणि ओच्यात परसातली भाजीही भरून आणता येते. ब्राह्मणी नेसणीत निऱ्यांना जी चापचोप असते ती देशावरील शेतकरणीच्या नेसणीत नसते, आणि किनाऱ्यावरील कोळीण मांडीलगत जे लुगडे आवळते त्यामागे ओल्या धक्क्यावर आणि होडीत वावरण्याची निकड असते. नेसण पाहून जात, गाव आणि व्यवसाय ओळखावा, असा तो काळ होता.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात शहरांतील मुली शाळा-महाविद्यालयांत, इस्पितळांत व कचेऱ्यांत जाऊ लागल्या, तसे पाचवारी गोल पातळ पुढे आले. सकच्छ म्हणजे कासोटा घालून नेसावे की विकच्छ म्हणजे कासोट्याविना, यावर त्या काळी घराघरांत खल झाला आणि सासवांनी सुनांशी अबोले धरले. पुढे महायुद्ध आले, 1943 साली कापड व सूत यांवर सरकारी नियंत्रणाचा हुकूम निघाला, आणि टंचाईच्या त्या दिवसांत नऊ वारांपेक्षा पाच वार मिळवणे साहजिकच सोपे होते. मध्यमवर्गीय घरांतून नऊवारी अशी क्रमाक्रमाने मागे सरत सरत सोवळ्यापुरती उरली, मग मंगळागौरीपुरती, आणि मग फोटोपुरती.

येथे एक गोष्ट मला आग्रहाने नोंदवायची आहे. नऊवारी परत आली असे आपण म्हणतो तेव्हा ती कोणाच्या अंगावरून गेली होती, याचा विचार आपण करीत नाही. ससून डॉकच्या धक्क्यावर पहाटे मासळीच्या लिलावात उभी असलेली कोळीण, लासलगावच्या खळ्यावर कांदा निवडणारी मजूर बाई, आषाढात तुळस डोक्यावर घेऊन पंढरीची वाट चालणारी वारकरीण यांनी ती सोडलीच नव्हती. ज्या वस्त्राला शहराने अडाणीपणाचे चिन्ह ठरवून टाकले, त्याच वस्त्रात त्यांनी आपली सारी हयात कष्टात काढली, आणि आज तेच वस्त्र गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत डोळ्यांवर काळा चष्मा चढवून मोटारसायकलवर बसले की त्याचे कौतुक होते. डोंबिवलीत 1999 साली सुरू झालेली ही शोभायात्रांची प्रथा गिरगाव, ठाणे, नाशिक, नागपूर अशी पसरली, आणि त्या मुलींचा आत्मविश्वास पाहून कोणासही आनंदच वाटावा. मलाही तो वाटतो. त्या आनंदात धक्क्यावरच्या कोळिणीचा वाटा मान्य झाला पाहिजे, कारण कासोटा घालून दमदार पावले टाकण्याची रीत तिने जिवंत ठेवली म्हणून ती आज पाहायला आणि शिकायला उरली आहे.

आणि गतकाळ सर्वांना सारखाच गोड नव्हता. 1927 च्या डिसेंबरात महाड येथे जी परिषद भरली, तीत मनुस्मृतीच्या दहनानंतर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले. त्यांनी सांगितले की, गुडघ्यापर्यंत आखूड नेसलेले लुगडे आणि हातभर चढवलेले कथला-चांदीचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख पटवणारी खूण आहे. ती टाकून द्या, लुगडे घोट्यापर्यंत नेसा, दागिना घालायचाच तर चांगला घाला, नाहीतर मुळीच घालू नका, आणि वस्त्र फाटके असले तरी चालेल पण स्वच्छ ठेवा. त्या स्त्रियांनी लगोलग नेसण बदलली. जुनी नेसण सोडणे हीच ज्यांची मुक्ती होती, त्यांच्या नातींपुढे जुन्या दागिन्यांची थोरवी गाताना आपल्या शब्दांना काही मर्यादा असावी, असे मला मनापासून वाटते. गळ्यातील गोफ आणि हातांतील वाक्या कोणी घालाव्यात आणि कोणी घालू नयेत याचे दंडक गावोगाव होते, आणि ते मोडल्याबद्दल माणसांनी मार खाल्ला आहे.

तीच कथा कुंकवाची. मेणाच्या बोटावर पिंजर टेकवून रेखलेली चंद्रकोर आज टिकलीच्या पाकिटात मिळते आणि अविवाहित, विवाहित, कोणीही ती लावते. पण ज्या काळातून ती आली त्या काळी पतीच्या निधनाबरोबर ते कुंकू पुसले जाई, नथ उतरे, बांगड्या फुटत, आणि कित्येकींच्या नशिबी केशवपन व लाल अलवण येई. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवांवर लादलेल्या या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि राज्य शासनाने इतर गावांपुढे तो आदर्श म्हणून ठेवला. हेरवाडचा ठराव आणि चंद्रकोरीची लोकप्रियता या दोन घटना एकाच काळात घडाव्यात, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. कपाळावरील कोर सौभाग्याच्या अटीतून सुटून निव्वळ शोभेची होत असेल, तर जुन्या लेण्याच्या पुनरागमनातील सर्वांत निखळ लाभ तोच होय.

नथीची बाब अधिक सरळ आहे. जुन्या नथीत बसरा मोती असत, म्हणजे इराणच्या आखातातून पाणबुड्यांनी काढलेले नैसर्गिक मोती, ज्यांना किंचित पिवळसर झाक असे. जपानमध्ये मिकिमोतो यांनी 1893 साली मोती पिकवण्यात यश मिळवले, आणि 1930 च्या आसपास तो संवर्धित मोती जगभर पसरून आखातातील मोत्यांचा व्यापार बसला. तेव्हापासून खरा बसरा मोती वारशानेच मिळायचा. आजच्या बहुसंख्य नथी कृत्रिम मोत्यांच्या आणि दाबाच्या असतात, नाक टोचावे लागत नाही, आणि पुण्याच्या तुळशीबागेत त्या अल्प दरात मिळतात. यात मला गैर काहीच दिसत नाही. जी मुलगी एका समारंभापुरती नथ घालू इच्छिते, तिने नाक टोचून घ्यावे असा हट्ट धरण्यात काय अर्थ? मात्र खऱ्या मोत्यांची नथ वा तन्मणी गाठवणारा पटवेकरी आता हुडकून काढावा लागतो, आणि त्याच्या हाताखाली कोणी शिकत असल्याचे क्वचितच दिसते.

वस्त्राची गोष्ट याहून गुंतागुंतीची, कारण तेथे पोटाचा प्रश्न फार मोठ्या समूहाचा आहे. 2019-20 च्या अखिल भारतीय हातमाग गणनेत सुमारे 35 लाख 22 हजार विणकर व पूरक कामगार मोजले गेले, आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण सत्तर टक्क्यांहून अधिक आढळले. 1985 साली संसदेने काही वाण केवळ हातमागासाठी राखून ठेवणारा कायदा केला. आरंभी त्या यादीत 22 प्रकार होते, पुढे ते 11 वर आले. कायदा आहे, तपासनीस आहेत, दप्तरे आहेत. तरीही यंत्रमागावरची नक्कल पेठेत उघडपणे विकली जाते. या यंत्रमागाचा द्वेष करणे मला जमत नाही, कारण इचलकरंजीत 1904 साली जहागीरदारांच्या आश्रयाने पहिला यंत्रमाग चालू झाला आणि त्याने हजारो कुटुंबांना भाकरी दिली, गरीब बाईला परवडेल असे लुगडे दिले. तक्रार आहे ती यंत्रावरचे कापड हातमागाच्या नावाने आणि हातमागाच्या दिमाखात विकण्याबद्दल.

खणाचेच पाहा. त्याचे माहेर आपल्या सीमेपलीकडे, कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात गुळेदगुड्ड येथे आहे. तेथे खड्ड्यातील मागावर जो खण विणला जातो त्याचा पन्हा जेमतेम 31 इंच असतो, कारण तो चोळीसाठीच योजलेला होता. नक्षी उभ्या ताण्यातील जादा धाग्यांनी उठते, आणि काठ अशा बेताने बसतो की कापड बेतताना तो दंडाच्या कडेस यावा. त्यावरील नक्षी रथाच्या, धान्याच्या कणसाच्या, सूर्याच्या, सिद्धेश्वराच्या मुकुटाच्या असतात, आणि विणकराच्या बोटांना त्या पाठ असतात. आता साडीला पन्हा लागतो 45 इंचांच्या पुढचा. मागणी साडीची आली, आणि रुंद माग होता यंत्रमागवाल्याकडे. परिणामी ज्या वेडाने गुळेदगुड्डचे खड्डे पुन्हा गजबजून जावेत, त्या वेडाचा मोठा हिस्सा दुसरीकडेच वळला. रेशमाच्या ताण्याच्या जागी कृत्रिम धागा आला तो त्याआधीच. शेजारच्या इलकलमध्ये, ज्याला आपण इरकल म्हणतो, लाल-पांढऱ्या पदराचा ताणा मुख्य साडीच्या ताण्याशी फाशांनी जोडण्याची जी विलक्षण पद्धत आहे, ती यंत्राला सहजी साधत नाही, आणि बहुधा म्हणूनच तेथील हातमाग थोडा अधिक तग धरून आहे.

पैठणीने मात्र आपला मान पुष्कळ अंशी राखला. पेशव्यांच्या पत्रव्यवहारात पैठणहून रंगनिवडीसह वस्त्रे मागवल्याचे उल्लेख येतात. आज तिचे प्रमुख केंद्र नाशिक जिल्ह्यातील येवला असून 2010 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. 2004 पासून दूरचित्रवाणीवरील ‘होम मिनिस्टर’ने घरोघरच्या वहिनींना पैठणी जिंकण्याची आस लावली, आणि चाळीतल्या, खेड्यातल्या ज्या बायकांनी ते वस्त्र केवळ दुसरीच्या लग्नात पाहिले होते, त्यांच्या इच्छेच्या टप्प्यात ते आणले, हे कार्य लहान नव्हे. पदरावरील मोर, मुनिया, कमळे विणताना विणकर प्रत्येक रंगासाठी निराळी तिल्ली हाताने फिरवतो आणि एका रंगाचा धागा दुसऱ्यात गुंतवून परत वळवतो. म्हणून एका पैठणीला काही आठवडे, भरगच्च असेल तर वर्षही लागते.

आणि जेव्हा सारे जग आपल्या लेण्याकडे वळते तेव्हा काय घडते, तेही आपण 2025 च्या जूनमध्ये पाहिले. मिलान येथील प्रदर्शनात प्राडा या इटालियन पेढीने अंगठ्याच्या चामड्याची जी पादत्राणे मांडली, ती कोल्हापुरी असल्याचे इकडे प्रत्येकाने पाहताक्षणी ओळखले, आणि ओरड झाल्यावर त्या पेढीनेही प्रेरणास्थान मान्य केले. 2019 मध्ये कोल्हापुरीला मानांकन मिळाले ते महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन राज्यांतील आठ जिल्ह्यांच्या नावे. कातडे कमावणाऱ्या आणि वेण्या घालणाऱ्या चर्मकार कुटुंबांचे नाव त्या वादंगात फार थोड्यांनी घेतले.

राहता राहिली शिवलेली नऊवारी. निऱ्या, कासोटा, ओचा सारे आधीच शिवून टाकलेली, दोन मिनिटांत पाटलोणीसारखी चढवता येणारी ती साडी दादरच्या आणि पुण्यातील लक्ष्मी रस्त्याच्या दुकानांत आज सर्वाधिक खपते. लग्नाच्या धामधुमीत नवरीचा वेळ वाचतो, नाचताना कासोटा सुटण्याची धास्ती नसते, आणि परदेशी राहणाऱ्या मराठी मुलीस तेथे नेसवून देणारे कोणी नसते. या सोयी खऱ्या आहेत. तरीही एकदा कातर लागली की ते नऊ वार पुन्हा मोकळे होत नाहीत. आईची नऊवारी लेकीला, लेकीची नातीला, कधी धाकट्या अंगाला तर कधी थोराड बांध्याला, त्याच कापडातून निराळी बसत गेली; शिवलेली नऊवारी एकाच मापाची होऊन राहते. मंगळागौरीच्या खेळांचे वर्ग घेणाऱ्या काही मंडळांनी अलीकडे नेसण्याचेही वर्ग सुरू केले आहेत, आणि तेथे साठी उलटलेल्या बाया विशीतल्या मुलींना निऱ्या धरायला शिकवतात. पहिल्या वेळी कासोटा सैल पडतो, दुसऱ्या वेळी घोट्यावर लोंबतो. चार-पाचदा नेसले की हात बसतो. याहून कठीण त्यात काही नाही.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होईल आणि पेढ्यांवर गाद्या पसरल्या जातील. पैठणी घेणाऱ्यांनी पदर उलटा करून पाहावा: हातमागाची असेल तर नक्षी उलट बाजूसही तितकीच स्वच्छ दिसते, आणि यंत्राची असेल तर मागे सुटे वा कातरलेले धागे आढळतात. रेशमासाठी सिल्क मार्क आणि हातमागासाठी 2006 पासून चालू असलेली हातमाग खूण, या दोन चिठ्ठ्या मागून घ्याव्यात. खण साडी घेताना ती कोठे व कशावर विणली ते दुकानदारास स्पष्ट विचारावे, आणि गुळेदगुड्डचा 31 इंची खरा खण हाती लागला तर तो ओटीत फिरवीत न ठेवता त्याची चोळी बेतायला शिंप्याकडे द्यावा. काठ दंडावर यावा, एवढे मात्र त्यास बजावून सांगावे.